शालेय शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र : डेड स्टॉकमधले संगणक आणि टोकियोची पदकं

मा. शालेय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई.

सा. न. वि. वि.

मी करवीर तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतो. आमच्या संगणक कक्षात चालू यंत्रांपेक्षा बंद यंत्रं जास्त. जुने बोजड मॉनिटर एकावर एक रचलेत, की-बोर्ड सुतळीनं बांधून कपाटावर टाकलेत. डेड स्टॉक रजिस्टरला, म्हणजे शाळेच्या कायम वस्तूंच्या नोंदवहीत, नोंद असल्यामुळं त्यांना हात लावता येत नाही. निर्लेखनाचा, म्हणजे निकामी वस्तू नोंदीतून कमी करण्याचा, प्रस्ताव पाठवला की त्रुटींचा शेरा घेऊन परत येतो. कधी मंजुरी मिळालीच, तर मोडकी बाकं, गंजके पत्रे आणि संगणक यांचा एकच लिलाव होतो, किलोच्या भावानं.

त्यानंतर तांब्यासाठी वायरी जाळल्या जातात, सोन्यासाठी सर्किट बोर्ड आम्लात बुडवले जातात. मॉनिटरच्या काचेत शिसं असतं. ती कुणालाच नको असते. मग ती जाते कुठं? आमच्याकडं टाकलेलं सगळं पावसाळ्यात पंचगंगेच्या वाटेला लागतं.

नियम आहेत. नवे ई-कचरा नियम 1 एप्रिल 2023 पासून लागू आहेत. किमान 1000 उपकरणं वापरणाऱ्या संस्थेला ते घाऊक ग्राहक मानतात आणि तिचा कचरा नोंदणीकृत यंत्रणेकडंच गेला पाहिजे असं सांगतात. एकटी शाळा या आकड्यात बसत नाही, म्हणून तिला कुणी विचारत नाही. सगळ्या जिल्ह्याच्या शाळा एकत्र मोजल्या तर चित्र पालटेल, पण मोजायचं कुणी?

नववीला टोकियो ऑलिम्पिकची गोष्ट सांगितली, तेव्हा वर्ग जागा झाला. जपाननं 2017 ते 2019 या काळात लोकांकडून जुने मोबाइल आणि छोटी उपकरणं गोळा केली, सुमारे 79 हजार टन. त्यातून साधारण 32 किलो सोनं आणि साडेतीन हजार किलो चांदी निघाली आणि सुमारे 5000 पदकं घडली. आमच्या वर्गात हुपरीची मुलं आहेत, घरात चांदीचं काम. सोनाराचा केर धुऊन सोनं काढणारे झारेकरी त्यांना ठाऊक आहेत. 'सर, हे तर झारेकऱ्याचंच काम,' एकजण म्हणाला. मला पुस्तकातल्या व्याख्येपेक्षा ते उत्तर आवडलं.

म्हणून मागणी अशी, की जपानी शाळांशी आमच्या शाळांची जोडी लावून द्या. वाकायामा प्रांताशी महाराष्ट्राचा 2013 पासून करार आहे, त्याच प्रांतातल्या कोयासान विद्यापीठात डॉ. आंबेडकरांचा पुतळा आहे. संबंध पर्यटन आणि समारंभांपुरते का ठेवायचे? दोन्हीकडच्या मुलांनी आपल्या घरातल्या बंद वस्तू मोजाव्यात, त्या कुठं जातात याचा माग काढावा आणि एकमेकांना दाखवावं. आमचे सकाळचे 11 म्हणजे त्यांचे दुपारचे अडीच. दोन्ही शाळा भरलेल्या असतात.

यातच डिजिटल नागरिकत्वाचा, म्हणजे संगणक-मोबाइल जबाबदारीनं वापरण्याचा, धडा आहे. सध्या तो 'पासवर्ड कुणाला सांगू नका' एवढ्यावर संपतो. आमच्या मुलांनी एका बंद संगणकाची हार्ड डिस्क दुसऱ्याला जोडून बघितली, तर जुन्या विद्यार्थ्यांची अख्खी यादी समोर आली: नावं, जन्मतारखा, पालकांचे मोबाइल नंबर. फाइल डिलीट केली म्हणजे माहिती पुसली जात नाही, हे त्या दिवशी सगळ्यांना कळलं. हीच डिस्क उद्या लिलावात जाणार होती.

तेव्हा एक शासन निर्णय काढावा. ई-कचऱ्याचं निर्लेखन बाकांपासून वेगळं करा, मंजुरीला मुदत घाला. डिस्क पुसल्याचा किंवा फोडल्याचा दाखला असल्याशिवाय एकही संगणक शाळेबाहेर जाऊ नये. आणि जिल्हा परिषदेनं सगळ्या शाळांचा माल एकत्र करून नोंदणीकृत पुनर्चक्रण केंद्राकडं द्यावा. गाडीभाड्याची तरतूदही त्याच निर्णयात हवी, नाहीतर ते मुख्याध्यापकांच्या खिशातून जाईल, हे मी अनुभवानं सांगतो.

निर्णय दिवाळीच्या सुट्टीआधी निघाला तर दुसऱ्या सत्रात काम सुरू करता येईल.

कळावे,
आपला,
एक माध्यमिक शिक्षक,
करवीर, जि. कोल्हापूर