गुरुजी, हातच्याचं काय करायचं? : शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

मा. शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

मी जिल्हा परिषदेच्या दुशिक्षकी शाळेत शिकवतो. वर्ग पाच, गुरुजी दोन, लिपिक नाही, शिपाई नाही. मुख्याध्यापकाचा प्रभारही माझ्याकडेच.

परवा दुसरीला हातच्याची बेरीज घेत होतो. सत्तावीस अधिक अडतीस. फळ्यावर पाच मांडला आणि केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, ग्रुपवर ‘अतितातडीचे’ येऊन पडलं : आधार अवैध असलेल्या मुलांची माहिती एक्सेलमध्ये, दुपारी २ पर्यंत. तेव्हा पावणेएक वाजला होता. सहकारी बीएलओच्या, म्हणजे मतदारयादीच्या, कामाला गेलेले. रेंज मिळते ती शाळेमागच्या पाण्याच्या टाकीजवळ. मी परतलो तोवर खिचडीची भांडी घासून झाली होती. एक पोरगी पाटी घेऊन तशीच बसलेली. म्हणाली, “गुरुजी, हातच्याचं काय करायचं?”

आता त्या एक्सेलमधलं एक नाव सांगतो, म्हणजे नाव नाही सांगत, प्रकरण सांगतो. जनरल रजिस्टरात एक स्पेलिंग, आधारवर दुसरं. दुरुस्तीला तालुक्याचं आधार केंद्र, सोबत पालक हवा. पालक ऊसतोडीला गेलेले, पोरगा आजीकडे. नोंद जुळत नाही तोवर अपार आयडी, म्हणजे विद्यार्थ्याचा ओळख क्रमांक, निघत नाही, आणि ३० सप्टेंबरच्या पटावर ठरणाऱ्या संचमान्यतेत, म्हणजे शाळेला किती शिक्षक मिळायचे त्या हिशेबात, तो पोरगा धरला जात नाही. रोज पहिल्या बाकावर बसणारं पोर कागदावर नाही! हे सगळं यू-डायस प्लस या शाळांच्या माहितीच्या सरकारी पोर्टलवर दिसतंच. तरी तेच एक्सेलमध्ये, मग गूगल फॉर्ममध्ये, मग सही-शिक्क्यानिशी हार्डकॉपीत.

निवडणूक, जनगणना, आपत्ती यांची कामं शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ मध्येच आहेत. त्याबद्दल कुरकुर नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये शासनाने शैक्षणिक आणि अशैक्षणिक कामांची वर्गवारीही केली. बरं झालं. पण काम कुठल्या रकान्यात बसलं, यावरून त्याला लागणारा वेळ कमी होत नाही. याच कायद्यात पहिली ते पाचवीला वर्षाला २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन लिहिलंय. पोषण आहारातला तांदूळ मुलामागे १०० ग्रॅम असा रोज मोजून लिहितो आम्ही. हे ८०० तास मात्र मला आजवर कुठल्याच तपासणीत कुणी विचारले नाहीत.

माझं मागणं मोठं नाही. पोर्टलवर असलेली माहिती शाळेकडे पुन्हा मागू नये, असं एक परिपत्रक काढा. (हो, परिपत्रकच.) केंद्रामागे एक डाटा ऑपरेटर द्या. आणि शाळा सुटेपर्यंतची मुदत टाकून कुणी माहिती मागवलीच, तर त्या पत्रावर त्याने स्वतःच्या हाताने लिहावं : यासाठी कोणता तास सोडायचा, गणिताचा की मराठीचा.

आपला,
दुशिक्षकी शाळेतला एक गुरुजी