करार आहे हो, पण अधिकार कुठला?

माननीय नगरविकास मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस
सप्रेम नमस्कार.

मी ठाण्यातल्या एका सोसायटीचा सेक्रेटरी. आमच्या गल्लीच्या तोंडाशी, फुटपाथवर एक स्वच्छतागृह आहे. ठेकेदाराने ते जाहिरातीच्या हक्कांच्या बदल्यात बांधलंय. वरचा फलक रात्रभर लखलखतो. खाली महिलांच्या बाजूला कुलूप, आणि त्या कुलपाला आता गंज चढलाय.

फुटपाथ कोणत्या ठरावाने दिला, किती वर्षांसाठी, एवढंच विचारायला पालिकेत गेलो होतो. टेबलामागचे गृहस्थ म्हणाले, "अहो, करार झालाय ना!" प्रत मागितली, तर ते व्यापारी गुपित! फुटपाथचं कसलं आलंय गुपित?

साहेब, घोडं इथेच पेंड खातं. जे देण्याचा हक्क देणाऱ्यालाच नाही, ते करारातून घेणाऱ्याला मिळणार कसं? दिल्ली-नोएडा उड्डाणमार्गाचं उदाहरण आपणांस ठाऊक असेल. नोएडा प्राधिकरणाने खासगी कंपनीशी केलेला १९९७ चा करार, तोही टेंडर न काढता. खर्चावर वर्षाला २० टक्के परतावा ठरलेला, आणि कमी पडेल ती रक्कम पुन्हा खर्चातच मिळवायची. म्हणजे लोक टोल भरतायत आणि वसूल व्हायचा आकडा मात्र फुगतोय! अलाहाबाद उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये हा टोल बंद केला, सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये तो निकाल कायम ठेवला. मुद्दा साधा होता: टोल आकारण्याचा अधिकार असा खासगी कंपनीच्या हाती देण्याची मुभा नोएडा प्राधिकरणाला कायद्याने नव्हतीच.

आपल्याकडे टोलचं त्या मानाने बरं. सरकारला टोल आकारू देणारं १९५८ च्या मोटार वाहन कर कायद्याचं कलम २० आहे, अधिसूचना निघते. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईच्या वेशीवरच्या आनंदनगर, ऐरोली, वाशी नाक्यांवर हलक्या वाहनांचा टोल माफ झाला तोही सरकारच्याच निर्णयाने. शिव्या द्यायच्या तर कुणाला, हे तरी माहीत असतं. पण बसथांबे, पार्किंग, स्वच्छतागृहं अशा बारीकसारीक भागीदाऱ्यांचा वाली कोण?

१९४९ च्या महानगरपालिका कायद्यात, कलम ७९ मध्ये, पालिकेची मालमत्ता दुसऱ्याला द्यायची तर मंजुरीच्या पायऱ्या घालून दिल्या आहेत. पण ठाणे पालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि पुढची काही वर्षं प्रशासकाच्या हाती गेली. नवी मुंबईत तर २०२० पासूनच. आयुक्त म्हणून प्रस्ताव मांडायचा आणि प्रशासक म्हणून आपणच मंजूर करायचा. माणूस प्रामाणिक असेलही, पण "हे कशाला?" म्हणून हात वर करणारा नगरसेवकच सभागृहात नव्हता. त्या काळातले असे सगळे करार बाहेर काढून महासभेपुढे ठेवायला सांगा.

खासगी भागीदारीला माझा विरोध नाही. तिजोरीत पैसा नसेल तर कुणाच्या तरी खिशातून काम व्हायला हवं, आणि ज्याने पैसे घातले त्याने कमवावं. फक्त अशा प्रत्येक ठिकाणी एक पाटी लावायला भाग पाडा: कोणतं कलम, कोणता ठराव, करार कधी संपणार, देखभाल कुणाकडे. आणि करार पालिकेच्या संकेतस्थळावर टाका, मराठीत. जाहिरातीचा फलक वीस फुटी असतो, तिथे एवढी पाटी सहज मावेल.

परवा सोसायटीतल्या एका आजी विचारत होत्या, कुलपाची किल्ली कुणाकडे असते म्हणून. तेवढंही कळवलंत तर त्यांना सांगता येईल.

कळावे,
आपला,
वेळेवर मालमत्ता कर भरणारा एक ठाणेकर