एररची लाल ओळ वाचायलाही शिकवा

मा. संपादक, सप्रेम नमस्कार

अॅप डेव्हलपरला पॅकेज किती मिळतं यावर पुरवणीत वरचेवर छापून येतं, पण ही पोरं शिकताना नेमकी कुठं अडकतात ते कुणी लिहीत नाही म्हणून हे पत्र. मी अँड्रॉइडचे क्लास घेतो. निम्मी बॅच अडते ती "डिलीट करायचं का? होय / नाही" एवढं विचारणाऱ्या साध्या अलर्ट डायलॉगपाशी, म्हणजे स्क्रीनवर उघडणाऱ्या छोट्या चौकटीपाशी.

बटणाच्या ऑनक्लिकमधे (बटण दाबल्यावर चालणारा कोड) पोरं अलर्टडायलॉगच्या बिल्डरला, म्हणजे ती चौकट बांधणाऱ्या कोडला, सरळ 'धिस' ('हा मी' सांगणारा शब्द) देतात. आता जुन्या जावा पद्धतीनं नवा लिसनर (बटण दाबायची वाट बघणारा कोड) लिहिला की त्याच्या आतला 'धिस' म्हणजे तो लिसनर, स्क्रीन नव्हे, आणि बिल्डरला हवा असतो कॉन्टेक्स्ट, म्हणजे इथं ती स्क्रीन. कोड तपासणारा कंपायलर 'इनकम्पॅटिबल टाइप्स' (प्रकार जुळत नाहीत) म्हणून ओरडतो ते याचसाठी. मेनअॅक्टिव्हिटी डॉट धिस (म्हणजे स्क्रीनचा 'धिस') लिहा, मिटलं. लॅम्डा (लिसनर लिहायची छोटी पद्धत) वापरला तर हा घोळ होतच नाही, जावात पण नाही अन् कोटलिन या दुसऱ्या भाषेत पण नाही. काही हुशार पोरं तिथं गेटअॅप्लिकेशनकॉन्टेक्स्ट (अख्ख्या अॅपचा कॉन्टेक्स्ट, स्क्रीनचा नव्हे) टाकतात, एररची लाल रेघ जाते, पोरगं खूश, आणि मग बटण दाबलं की अॅप धाडकन बंद! हे जास्त वाईट कारण कंपायलर आता काहीच बोलत नाही.

दुसरा ताप प्रॅक्टिकलच्या झेरॉक्स जर्नलचा. त्यात अजून अँड्रॉइड डॉट सपोर्ट डॉट व्ही७ वालं इम्पोर्ट (तयार कोड आत घेणारी ओळ) असतं, ते 2018 पासून अँड्रॉइडएक्स या नव्या संचात गेलंय, नव्या प्रोजेक्टला 'पॅकेज डझ नॉट एक्झिस्ट' (या नावाचा कोडचा गठ्ठाच नाही) अशी एरर येणारच. शिवाय ऑनक्लिकलिसनर नावाचे दोन लिसनर आहेत, एक व्ह्यूचा (स्क्रीनवरच्या बटणासाठी), एक डायलॉगइंटरफेसचा (डायलॉगमधल्या बटणांसाठी), इम्पोर्ट आपोआप घालणारं ऑल्ट-एंटर मारून जो पहिला दिसेल तो घेतला की बसा शोधत. डायलॉगवाल्याच्या ऑनक्लिकला दोन गोष्टी लागतात, डायलॉग आणि कुठलं बटण दाबलं त्याचा आकडा, व्ह्यूवाल्याला एकच, आणि कुठली मेथड (कोडचा नाव दिलेला तुकडा) लिहायची राहिली ते एररमधे नावासकट लिहिलेलं असतं हो, पण वाचतो कोण! फोटो काढून ग्रुपवर टाकतात किंवा अख्खा कोड एआयला देऊन येईल ते पेस्ट.

एक कंस राहिला की खाली एररची रांग लागते आणि पोरं शेवटापासून दुरुस्त करायला बसतात. सगळ्यात वरची आधी बघायची, बाकीच्या बऱ्याचदा आपोआप जातात, एवढं सांगायला कितीसा वेळ लागतो?

कॉलेजांकडे माझी मागणी एवढीच की जर्नलमधली इम्पोर्ट दरवर्षी एकदा चालवून बघा. आणि ओरलला डायलॉगची व्याख्या विचारण्यापेक्षा मुद्दाम बिघडवलेला कोड समोर ठेवा, दहा मिनिटं द्या. पाठांतरवाले तिथंच कळतील.

आपला,
एक क्लासवाला, सांगली