साडेतेरा साखळ्यांवर झेंडा

ती. आई आणि बाबा,
सा. न.

फोनवर सगळं नीट सांगता येत नाही, म्हणून लिहायला बसले. रविवारी मी कामठीला गोल्फ खेळून आले. पुण्यात शिकले तेव्हापासून एकाच मैदानावर खेळत होते. नागपूरला बदली झाल्यापासून क्लबची, म्हणजे गोल्फच्या काठ्यांची, बॅग पलंगाखालीच पडून होती. शेजारचे निवृत्त कर्नलकाका म्हणाले, "छावणीतल्या मैदानावर पाहुणी म्हणून चल." काकूही खेळतात. मग आम्ही तिघं निघालो.

पहिल्या टीवर, म्हणजे पहिला फटका मारतात त्या जागी, काकांनी विचारलं, स्कोअर लिहायचा का? मी नको म्हटलं. नऊच होल, म्हणजे टीपासून झेंड्याच्या खळगीपर्यंतचे नऊच टप्पे, खेळायचे, घाई करायची नाही आणि मागून कोणी आलं तर त्यांना पुढे जाऊ द्यायचं, असं ठरलं. आई, तुला वाटेल की मोजायचंच नाही तर खेळायचं कशाला? पण ओळखीच्या मैदानावर पायांना सगळं पाठ असतं, नव्या मैदानावर हातात फक्त कार्ड असतं. त्यावर होलची लांबी आणि पार, म्हणजे तो किती फटक्यांत संपावा तो आकडा, छापलेला असतो. जमीन कुठे फसवते ते त्यात नसतं. आकड्याच्या मागे लागलं की नजर कार्डावरच राहते आणि समोरचं रान बघायचं राहून जातं. मला ते रान बघायचं होतं.

फेअरवे, म्हणजे मधले गवताचे पट्टे, बरेचसे पिवळट झाले होते. गर्द हिरवं होतं ते ग्रीनच्या, म्हणजे झेंड्याभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीच्या, आसपास. टिटव्या सारख्या ओरडत होत्या. एका होलवर मी सात नंबरचं आयर्न काढलं (हे लोखंडी क्लब, नंबर जितका कमी तितका चेंडू लांब जातो), तर बॅग उचलणारे कॅडीभाऊ म्हणाले, "मॅडम, सहा घ्या. दिसते त्याहून लांब हाय." मध्ये जमीन खोल उतरते आणि पलीकडे पुन्हा चढते. असा खोलगट भाग नजरेतून गळतो आणि पलीकडचा झेंडा जवळ वाटतो. बाबा, त्या क्षणी तुमची इतकी आठवण आली! मोजणीला जाताना तुम्ही मला धुऱ्यावर उभं करून विचारायचात, "तो बाभळीचा बांध किती साखळ्यांवर असेल, सांग." मी नेहमी कमीच सांगायचे. तुम्ही म्हणायचात, मधला नाला डोळा धरत नाही. इथे ग्रीनपासून १५० यार्डांवर खूण असते. १५० यार्ड म्हणजे ४५० फूट. आपल्या ३३ फुटी साखळीने साडेतेराच्या जरा वर. मी मनात साखळ्याच मोजत होते. सहा नंबरने मारलेला चेंडू ग्रीनच्या काठावर जाऊन थांबला.

ग्रीनवर तर तुम्ही हवेच होतात. होल असतो जेमतेम सव्वाचार इंचांचा, आणि चेंडू थेट त्याच्या रोखाने मारला तर बहुतेक वेळा बाजूने निघून जातो, कारण सपाट वाटणारी हिरवळही कुठे ना कुठे कललेली असते. त्यात जानेवारीतली सकाळ, सगळीकडे दहिवर. काकूंनी आधी पट केलं, म्हणजे चेंडू होलकडे हळूच घरंगळवला, आणि तो गेला तिथे दहिवरात एक गडद रेघ उमटली. आधी सरळ गेलेली, मग हळूहळू डावीकडे वळलेली. जमिनीने आपला उतार स्वतःच आखून दाखवावा, तशी. ती रेघ पुसेपर्यंत आम्ही तिघंही खाली बसून बघत होतो. ओल्या गवतावर चेंडू अडतो, म्हणून जरा जोर लावावा लागतो. ऊन चढलं की तीच ग्रीन वेगाने पळते. एकाच सकाळी एकच जमीन दोन तऱ्हांनी वागते, हे तुम्हाला मी काय सांगू!

हा खेळ महाग आहे आणि जमीन-पाणी फार खातो, हा तुमचा आक्षेप मला मान्य आहे. विदर्भात पाण्याचा विचार केल्याशिवाय गवतावर बोलूच नये. तरीही तुम्हाला तिथे न्यावं असं मला मनापासून वाटतं. गुडघ्याचं दुखणं सुरू झाल्यापासून तुम्ही बागेतल्या सिमेंटच्या वाटेवर चकरा मारता आणि कंटाळून घरी येता. नोकरीभर शेतं तुडवलेल्या माणसाला गोल गोल फिरायला लावणं मला बघवत नाही. नऊ होल म्हणजे तीन-साडेतीन किलोमीटर, तेही गवतावरून, थांबत थांबत. तुम्ही क्लब हातात घेतला नाही तरी चालेल. माझ्याबरोबर चाला आणि उतार सांगा. दमलात तर मध्येच परत फिरू.

आणि आई, तू हसू नकोस. रिओ ऑलिंपिकमध्ये आपल्या गोल्फपटू अदिती अशोकची बॅग तिच्या वडिलांनी उचलली होती, टोकियोत आईने. तिथे ती चौथी आली, पदक अगदी थोडक्यात हुकलं. तुला चालायचं नसेल तर काकू तुला कामठीच्या ड्रॅगन पॅलेसमध्ये घेऊन जातील. चंदनाच्या बुद्धमूर्तीसमोर तुला बरं वाटेल, तिथली शांतता तुझ्या आवडीची आहे.

फेब्रुवारी संपायच्या आत या. होळीनंतर इथलं ऊन सोसवत नाही. अमरावतीहून सकाळच्या गाडीने निघालात तर मी स्टेशनवर येते. कर्नलकाकांशी बोलून ठेवलंय. ते सोबत असले की पाहुण्यांना आत सोडतात, पण आधार कार्ड दोघांनीही बरोबर ठेवा. बाबांसाठी कॉलरचा टी-शर्ट आणि कॅनव्हासचे बूट घ्या, चपलांवर नको. आई, गुडघ्याचा पट्टा आठवणीने बॅगेत टाक, ते स्वतः टाकणार नाहीत.

कुठला रविवार जमेल ते लवकर कळवा.

तुमची,
धाकटी