हत्तीरोगाच्या गोळ्या घरात ठेवू नका, खा

संपादक साहेब,
हत्तीरोगाच्या गोळ्या वाटायला आशाताई घरी येतात न, तेव्हा आमच्या गल्लीतले अर्धे लोक "ठेवून द्या, नंतर खातो" म्हणतात अन् पाकीट तसंच टीव्हीवर पडून राहतं, हे बघून फार वाईट वाटतं म्हणून लिहितोय. माझ्या मावशीचा डावा पाय घोट्यापासून गुडघ्यापर्यंत सुजलेला, चामडी जाड झालेली, चप्पल चढत नाही, रोज साबणाने धुवून बोटांच्या मधलं पाणी हलक्या हाताने टिपावं लागतं नाहीतर जखम चिघळून ताप येतो.

हे होतं कशाने? रक्तवाहिन्यांतून रोज साधारण 3 लिटर पाणी शरीरात झिरपतं अन् ते लसीकेच्या, म्हणजे याच झिरपलेल्या पाण्याच्या, बारीक नळ्या परत रक्तात नेतात. या नळ्यांना हृदयासारखा पंप नाही, त्यांच्या भिंती स्वतःच आकुंचन पावतात, चालताना पोटऱ्यांचे स्नायू दाबतात अन् आतल्या झडपा पाणी मागे येऊ देत नाहीत. क्युलेक्स डासातून आलेले जंत याच नळ्यांत राहतात, नळ्या फुगतात, झडपा निकामी होतात, मग पाणी पायातच साचतं. अन् एकदा पाय असा झाला की गोळीने पूर्ववत होत नाही!

सुरुवातीला वर्षानुवर्षं काहीच दिसत नाही, म्हणून धडधाकट माणसानेही गोळी खायचीच. गरोदर बाया, 2 वर्षांखालची लेकरं अन् खूप आजारी माणसं सोडून बाकीच्यांनी आशाताईंसमोरच खा, उपाशीपोटी मात्र नको. आणि महापालिकेने नाल्या तुंबू देऊ नये, हा डास त्याच घाण पाण्यात वाढतो.

एक वाचक, नागपूर