मामा, त्या रात्री तुम्ही आम्हाला तंबूत झोपू दिलं नाहीत

मामा आणि मामी, सप्रेम नमस्कार.

तुमचा फोन निम्मा वेळ रेंजबाहेर असतो, म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे. पुतण्याकडून वाचून घ्या. आणि खरं सांगायचं तर पुढच्या मे महिन्यात भंडारदऱ्याला तंबूत राहायला निघालेल्या चार घरांनीही ते वाचावं असं मला वाटतं. तुमचं नाव मुद्दाम घालत नाही, तुम्हाला ते आवडायचं नाही. ओळखणारे ओळखतीलच.

ठाण्याहून निघताना मुलांच्या डोक्यात एकच चित्र होतं: पाण्याला टेकलेला तंबू. कसारा घाट, इगतपुरी, घोटी, पुढे बारी, डावी-उजवीकडे कळसूबाई दिसली की कोण आधी ओरडतं याची पैज, आणि शेंडी मागे टाकून तुमच्याकडे पोचलो तर तुमचे तंबू पाण्यापासून चांगले वर, घराच्या खालच्या माळावर. शेजारच्यांचे मात्र अगदी काठाला ओळीने लागलेले. माझ्या धाकट्याचं तोंड पडलं. त्याने तुम्हाला सरळ विचारलं, “आपले तिकडे का नाहीत?”

दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, “चला, तिकडे लावून देतो.” गिऱ्हाईक खूश करायला किती वेळ लागतो? तुम्ही काठी घेतलीत आणि चारही पोरांना खाली घेऊन गेलात. वरून भेगाळलेली, कडक वाळलेली जमीन होती. तिच्यावर उभं राहायलाही हरकत वाटली नसती. पाण्याच्या दिशेने थोडं पुढे जाऊन तुम्ही काठी टेकवलीत आणि नुसता हात ठेवलात. काठी मुठीपर्यंत आत गेली. ओढून काढलीत तेव्हा तिला काळा, ओला गाळ चिकटलेला होता आणि त्या भोकात हळूहळू पाणी भरत होतं. “वरची साय हाय ती,” एवढंच म्हणालात. त्यानंतर पोरांना कुणी काही सांगावं लागलं नाही. दगड मांडून जी रेघ तुम्ही आखून दिलीत, तिच्यापलीकडे एकाचंही पाऊल पडलं नाही.

पोहण्याचंही तसंच. माझे दीर चांगले पोहतात, त्यांना राहवत नव्हतं. तुम्ही म्हणालात, हे तळं नाही, धरण आहे. खाली जुन्या शेतांच्या ताली आहेत, बुंधे आहेत, एक पाऊल कमरेएवढं आणि पुढचं पाऊल तळच नाही. दिरांनी पुन्हा विचारलं नाही. मामा, तुम्ही आवाज चढवला नाहीत, पण तुमच्या बोलण्यात ‘बघू’ नव्हतं. मला तेच फार आवडलं.

जलाशयाबद्दल तुम्ही ओट्यावर बसून जे सांगितलंत ते मुलांनी इथे आल्यावर शाळेत सांगितलं. प्रवरा नदीवरच्या या धरणाचं काम 1910 साली सुरू झालं आणि 1926 साली पुरं झालं, अकरा टीएमसी म्हणजे अकरा अब्ज घनफूट पाणी साठतं, हे पुस्तकात मिळतं. ते पाणी कुणाचं, हे तुमच्याकडून कळलं. आवर्तन सुटलं, म्हणजे शेतीसाठी धरणातून पाणी सोडलं, की ते खाली संगमनेर, राहाता, श्रीरामपूरकडे जातं, तिथला ऊस त्याच्यावर उभा राहतो. मे महिन्यात काठ असा उघडा पडतो तो म्हणूनच. आणि तुमच्या वाडीतल्या बाया त्याच मे महिन्यात हंडे घेऊन विहिरीवर नंबर लावतात. समोर एवढा जलाशय आणि मामींच्या डोक्यावर हंडा, हे मी डोळ्यांनी पाहिलं. मामी, म्हणूनच सकाळी सासूबाईंसाठी चुलीवर तापवून ठेवलेल्या त्या दोन बादल्या माझ्या मनातून जात नाहीत. त्यांचे गुडघे दुखतात हे तुम्ही त्यांच्या चालण्यावरून ओळखलंत. आम्ही कुणी बोललोही नव्हतो.

आता काजव्यांचं. खरं तर आम्ही त्यांच्यासाठीच आलो होतो. मेच्या अखेरीस, मृगाच्या आधी, पहिल्या वळवाने हवेत ओल आली की तुमच्याकडचे हिरडे, बेहडे, सादडे उजळतात, हे ऐकून होतो. संध्याकाळी निघताना तुम्ही सगळ्यांच्या बॅटऱ्या गोळा केल्यात, एकीलाच लाल कागद बांधून स्वतःजवळ ठेवलीत आणि मोबाईल खिशात घालायला लावलेत. जाऊबाई म्हणाल्या, एक फोटो तरी? तुम्ही म्हणालात, फोटोत काळं येतं, डोळ्यांनी बघा.

त्या सादड्याखाली आम्ही किती वेळ उभे होतो कोण जाणे. आधी इकडे एक, तिकडे एक. मग एका फांदीवरचे सगळे एकदम लागायचे, एकदम विझायचे, आणि ती लय बुंध्यापासून शेंड्यापर्यंत चढत जायची. सगळं झाड श्वास घेतंय असं वाटत होतं. माझ्या मुलीने कुजबुजत विचारलं, हे कशासाठी करतात? तुम्ही तिच्या उंचीला खाली बसून सांगितलंत की हे नर आहेत, उजेड दाखवून मादीला बोलावतात, आणि मादी खाली गवतात नाहीतर झुडपात बसून उत्तर देते. गाडीचा दिवा पडला की तिला त्याचा उजेड दिसत नाही, त्याला तिचा दिसत नाही. पंख फुटल्यावर त्यांचं आयुष्य मोजक्या आठवड्यांचं, त्यातली एक रात्र वाया गेली तरी खूप. त्याआधी अळी होऊन कितीतरी महिने ओल्या मातीत गोगलगायी खाऊन काढलेले असतात. मी जीवशास्त्र शिकलेली आहे, मामा. एवढं नेमकं आणि इतक्या कमी शब्दांत मला सांगता आलं नसतं.

तेवढ्यात रस्त्यावर ती पोरांची गाडी थांबली. हेडलाईट चालू, डिकीत स्पीकर. आमच्यातल्या पुरुषांच्या कपाळावर आठ्या चढल्या, आता वाजणार असंच वाटलं. तुम्ही एकटे चालत गेलात, काच खाली करायला लावलीत, काहीतरी बोललात. आम्हाला ऐकू आलं नाही. आधी गाणं थांबलं, मग दिवे गेले आणि पाच-सहा पोरं अंधारात चाचपडत तुमच्या मागोमाग झाडाखाली आली. शेवटपर्यंत शब्द न काढता उभी होती. वनखात्याच्या सूचनांची पाटी वाटेवर होतीच, पण ती पाहून कुणी दिवे विझवताना मला तरी दिसलं नाही. तुम्ही सांगितलंत आणि विझले.

आणि मग ती रात्र.

जेवताना सगळे खुशीत होते. नाचणीची भाकरी, हुलग्याचं पिठलं, ठेचा, वर काळभाताचा वास. मुलांनी पिठलं तिसऱ्यांदा मागितलं, घरी डोळे वटारल्याशिवाय खात नाहीत. तुम्ही मात्र ताट हातात घेऊन दर थोड्या वेळाने अंगणात जात होतात. दुपारभर पान हललं नव्हतं, कळसूबाईच्या अंगाला ढग चढलेले आम्हीही पाहिले होते, पण आम्हाला ते छान दिसले होते. तुम्ही आत येऊन म्हणालात, “ताई, आज तंबूत कुणी निजायचं नाही. अंथरुणं पडवीत.” चांदणं होतं हो तेव्हा! पोरं रडकुंडीला आली. आमच्या ह्यांनी विचारलं, पाऊस आला तर बघू, तेव्हा उठून येऊ ना? तुम्ही नुसते बाहेर गेलात, एकेका तंबूच्या काठ्या काढल्यात, कापड जमिनीवर अंथरलंत आणि कडेने धोंडे ठेवलेत.

साधारण दहा वाजता वारा आला. मी असा वारा ऐकलेला नव्हता, आधी पाण्यावरून आवाज आला आणि मग धूळ. पाठोपाठ विजा. पुतणी चमक दिसली की आकडे मोजायची, तिला शाळेत सांगितलंय की तीन आकड्यांना एक किलोमीटर. आधी तिचे नऊ व्हायचे, मग सहा, मग दोनही होईनात. तेव्हा मी तिला मोजणं थांबवायला सांगितलं आणि कुशीत घेतलं. उघड्या माळावर, पाण्याच्या काठाला, नायलॉनच्या कापडाखाली आम्ही त्या वेळी असतो तर? तंबू विजेपासून वाचवत नाही, झाडाखाली तर जायचंच नसतं, हे आम्हा सगळ्यांना वाचून माहीत आहे. पण चांदणं असताना, जेवण झालेलं असताना, तंबूचे पैसे भरलेले असताना उठून पडवीत जायचं हे आम्हाला सुचलं नसतं. ते तुम्ही ठरवलंत.

खालून टॉर्चचा उजेड धावत वर येताना दिसला तेव्हा तुम्ही घोंगडी पांघरून बाहेर पडला होतात. मामी दारात उभ्या होत्या, हाक मारत नव्हत्या, नुसत्या बघत होत्या. तुम्ही त्याच गाडीवाल्या पोरांना घेऊन आलात. त्यांचा एक तंबू उडून पाण्यात गेला होता, नशिबाने रिकामा. एक जण भिजून इतका कुडकुडत होता की मामींनी त्याला चुलीपाशी बसवून तुमचा सदरा घालायला दिला. मग त्या एवढ्याशा घरात चहा फिरला. सासूबाई पलंगावर, पोरं ओळीने सतरंजीवर, ती मुलं भिंतीला टेकून, आणि तुम्ही उंबऱ्यात बसून राहिलात. झोपलात कधी ते मला कळलं नाही. सासूबाई म्हणतात तुम्ही झोपलाच नाहीत, त्या जाग्या होत्या.

सकाळी सगळं धुतलेलं, लख्ख. सासूबाईंना अमृतेश्वराला जायचं होतं, पण रात्रीमुळे त्या बोलेनात. तुम्हीच विषय काढलात. रतनवाडीपर्यंत आमच्याबरोबर आलात, देवळाच्या पायऱ्यांवर त्यांचा हात धरलात, पुष्करणीतले कोनाडे आणि मूर्ती वरूनच दाखवल्यात, खाली उतरू दिलं नाहीत कारण दगड ओले होते. शिलाहारांच्या काळातलं ते कोरीव काम त्या ज्या नजरेने पाहत होत्या, तशा मी त्यांना सासरे गेल्यापासून पाहिलं नव्हतं. मागे रतनगड, प्रवरा तिथेच उगम पावते हे तुम्ही सांगितल्यावर त्यांनी रतनगडाकडे तोंड करून हात जोडले. घरी परतल्यावर शेजारपाजारी त्यांनी विजांची गोष्ट एकदा सांगितली असेल. देवळाची रोज सांगतात.

आता एक तक्रार. निघताना तुम्ही जेवणाचे पैसे घेतलेत आणि तंबूचे परत दिलेत. “तंबूत निजलाच न्हाई, मग भाडं कशाचं?” मामा, हे आम्हाला मान्य नाही. आम्ही तंबूचं भाडं दिलं तेव्हा त्या बदल्यात काय घेत होतो हे आम्हाला ठाऊक नव्हतं, आता ठाऊक आहे. रात्रभर जागा राहणारा माणूस त्या भाड्यात कुठे धरलेला असतो? ते पैसे काल पुतण्याच्या नंबरवर पाठवले आहेत. परत पाठवू नका, सासूबाईंनी बजावलं आहे आणि त्यांच्यापुढे माझं काही चालत नाही.

मामींसाठी मानेचा पट्टा आणि सासूबाई लावतात ते तेल कुरिअरने निघालं आहे, शेंडीपर्यंत येईल, पुतण्याला आणायला सांगा. हंडा वाहून त्यांची मान दुखते हे त्या बोलल्या नाहीत, पण त्या तुमच्याकडे बघतात तसं आम्हालाही थोडं बघता येतं. काजव्यांचा फोटो नाही, पण मुलीने चित्र काढलं आहे, त्यात तुम्ही आहात, हातात लाल बॅटरी. तेही त्याच खोक्यात ठेवलंय.

दिवाळीनंतर, भातकापणी उरकली की येऊ. तंबू लावायचे की पडवीत झोपायचं, ते तुम्हीच ठरवा.

तुमची,
ठाण्याची ताई आणि घरचे सगळे