हासेबे निवृत्त झाला, आणि मी इथेच राहते आहे

फ्रँकफुर्ट,
१७ नोव्हेंबर २०२४

तीर्थरूप आई आणि बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

फराळाचा डबा गुरुवारी सुखरूप पोहोचला. एकही चकली मोडलेली नाही आणि कांदा-लसूण चटणीचे तेल जराही सांडलेले नाही, त्यामुळे आई, तू उगाच हळहळत बसू नकोस. थंडी सुरू झाली आहे, पण घर उबदार आहे, बूट नवे घेतले आहेत आणि ज्वारीचे पीठ आता आमच्या गल्लीच्या टोकाच्या दुकानातही मिळू लागले आहे. हे सगळे आधी लिहिते आहे, कारण पुढे जे लिहायचे आहे ते फोनवर सांगण्याचे धैर्य मला तीन रविवार झाले नाही.

"दहा वर्षे पूर्ण झाली की परत येईन," असे मी २०१४ साली निघताना देवघरासमोर उभी राहून म्हटले होते. ती दहा वर्षे ऑगस्टमध्ये पूर्ण झाली. मागच्या महिन्यात मी इथल्या कायमच्या नोकरीच्या करारावर सही केली आहे. तुम्हाला आधी विचारले नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते. विचारले असते, तर तुम्ही दोघांनी "तुझ्या मनाला येईल तसे कर" म्हटले असते आणि मग मला ती सही करता आली नसती, हेही तितकेच खरे आहे.

बाबा, हे कारण तुम्हालाच सर्वांत लवकर समजेल असे वाटते, म्हणून ते तुमच्या भाषेत, फुटबॉलच्या भाषेत लिहिते. आमच्या फ्रँकफुर्टच्या आइनट्राख्ट संघातला वीस क्रमांकाचा जपानी खेळाडू, माकोतो हासेबे, ज्याची तुम्ही दर रविवारी फोनवर चौकशी करायचात, तो १८ मे रोजी चाळिसाव्या वर्षी निवृत्त झाला. लाइपझिगविरुद्धचा त्याचा तो शेवटचा सामना २-२ असा बरोबरीत सुटला. मी मैदानात होते. सामन्यानंतर २१ क्रमांकाच्या ट्रॅममध्ये माझ्या शेजारी एक आजोबा बसले होते. त्यांच्या जर्सीवरचा वीसचा आकडा धुऊन धुऊन इतका विरला होता की शून्याचा अर्धा भाग उरलाच नव्हता. ते सगळ्या वाटेत एक शब्द बोलले नाहीत. तुम्ही शेवटचा सामना खेळून आलात, तेव्हा बूट न काढता चौकात तसेच बसून राहिला होतात, ते मला त्या वेळी आठवले. हासेबेही २०१४ मध्येच या शहरात आला होता, मी आले त्याच उन्हाळ्यात.

त्याची गोष्ट मी तुम्हाला तुकड्यातुकड्यांनी सांगत आले, पण सलग कधी सांगितली नाही. शिझुओका प्रांतातल्या फुजिएदा गावचा हा मुलगा. त्या गावात फुटबॉलचे वेड आपल्या कोल्हापूरच्या पेठांसारखेच आहे, फक्त तिथे ते तालमींऐवजी शाळांमधून वाढते. गावातल्याच हायस्कूलमधून तो २००२ मध्ये थेट उरावा रेड्स या मोठ्या संघात गेला. २००६ मध्ये तो संघ जपानचा विजेता झाला आणि २००७ मध्ये आशियाई चॅम्पियन्स लीगही जिंकला. म्हणजे घरी कशाचीच उणीव नव्हती. आई, तू मला स्टेशनवर विचारले होतेस ना, "इथे तुला काय कमी आहे?" मला तेव्हा उत्तर देता आले नव्हते. हासेबेलाही काही कमी नव्हते, आणि तरी जानेवारी २००८ मध्ये, चोविसावे वर्ष पूर्ण होता होता, तो वोल्फ्सबुर्ग नावाच्या मोटार कारखान्याच्या गावी, भर हिवाळ्यात येऊन दाखल झाला. जे आपल्याला येते, ते आणखी अवघड जागी येते का, हे पाहावेसे वाटणे म्हणजे घरावर रुसणे नव्हे, एवढेच मला त्या दिवशी सांगायचे होते.

पुढच्याच वर्षी, २००९ मध्ये, वोल्फ्सबुर्ग जर्मनीचा विजेता झाला. त्याच्याआधी हे भाग्य एकाच जपानी खेळाडूच्या वाट्याला आले होते, यासुहिको ओकुदेराच्या, आणि तेही १९७८ मध्ये, कोलोनकडून. पण मला हासेबेचा मोठेपणा त्या चषकापेक्षा एका हरलेल्या सामन्यात जास्त दिसतो. सप्टेंबर २०११ मध्ये होफेनहाइमविरुद्ध वोल्फ्सबुर्गच्या गोलरक्षकाला तांबडे कार्ड मिळाले, बदली खेळाडू संपले होते, आणि उरलेली मिनिटे मधल्या फळीतल्या हासेबेने हातमोजे चढवून गोलमध्ये उभे राहून काढली. एक गोल झाला, सामना १-३ असा गेला. तुमच्या तालमीचा गोली हात मोडून बाहेर गेला होता, त्या दिवशी तुम्ही काय केले होते ते मला सांगायला नको. त्या संघात त्याला कधी मधल्या फळीत, कधी उजव्या बाजूच्या बचावात खेळावे लागले. मीही इथे पहिली चार वर्षे, ज्या कामासाठी आले होते ते सोडून, मिळेल ते काम करत राहिले. तुम्हाला मी हे तेव्हा कळवले नाही. आता ते दिवस मागे पडले आहेत, म्हणून लिहिते आहे, आणि काळजी करण्यासारखे त्यात काहीही उरलेले नाही.

वाईट वर्षही त्याने पाहिले. २०१३ मध्ये तो न्युर्नबर्गला गेला, तिथे गुडघा दुखावला, शस्त्रक्रिया झाली, बरेचसे सामने बाहेर बसून पाहावे लागले आणि मोसमाअखेर तो संघ खालच्या श्रेणीत घसरला. त्यानंतर तो फ्रँकफुर्टला आला आणि त्याच गुडघ्यांवर आणखी दहा वर्षे खेळला. बाबा, हे वाक्य कृपया दोनदा वाचा. तुमच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया या हिवाळ्यात व्हायलाच हवी, त्याबद्दल पुढे लिहिते.

इथले त्याचे दुसरे वर्ष संघासाठी बिकट होते. २०१६ मध्ये तर श्रेणी टिकवण्यासाठी दोन निर्णायक सामने खेळावे लागले, आणि समोर होता न्युर्नबर्ग, त्याचा आधीचाच संघ. त्यातून वाचल्यावर प्रशिक्षक निको कोवाच यांनी त्याला मधल्या फळीतून मागे घेतले आणि तीन बचावपटूंच्या मधोमध उभे केले. वेग कमी होऊ लागलेल्या वयात ती जागा त्याला अशी काही बसली की बघत राहावे. चेंडू येणार कुठे हे त्याला इतरांच्या आधी कळायचे, त्यामुळे तो धावताना फारसा दिसत नसे, पण चेंडू पोहोचे तेव्हा तो तिथे असे. शाहू स्टेडियमच्या गॅलरीत मला मांडीवर घेऊन तुम्ही ओरडायचात, "पळू नको रे, जागा धर!" ते ओरडणे मला या स्टेडियममध्ये, हजारो जर्मन माणसांच्या गोंगाटात, कितीदा ऐकू आले आहे म्हणून सांगू. २०१८ मध्ये याच संघाने बर्लिनच्या अंतिम सामन्यात बायर्नला ३-१ असे हरवून जर्मन चषक आणला.

आणि १८ मे २०२२ ची ती रात्र तर आपण दोघांनी मिळूनच पाहिली. सेव्हियातला युरोपा लीगचा अंतिम सामना, तुमच्याकडे पहाटेचे तीन वाजत आलेले, आई आतून "तब्येतीचे काही भान आहे का" म्हणते आहे आणि तुम्ही फोन उशीवर उभा करून ठेवला आहे. आमचा बचावपटू तूता पाय घसरून पडला, समोरच्या रेंजर्स संघाने गोल केला, आणि लगेच अडतीस वर्षांचा हासेबे मैदानात उतरला. तुम्ही तेव्हा फक्त एवढेच म्हणालात, "आता मागची काळजी नाही." आमच्या बोरेने बरोबरी साधली, सामना पेनल्टींवर गेला, आमचा गोलरक्षक ट्राप्प याने रॅम्सीची पेनल्टी अडवली आणि आपण पेनल्टींवर ५-४ असे जिंकलो. "आपण" हा शब्दही तुमचाच. त्या रात्री मला पहिल्यांदा वाटले की मी राहते ते गाव तुम्हालाही थोडेसे आपले वाटू लागले आहे.

ज्या गोष्टीने माझा निर्णय पक्का झाला, ती मात्र चषकांची नाही. हासेबे २०१० च्या विश्वचषकाच्या तोंडावर जपानचा कर्णधार झाला, तेव्हा तो जर्मनीत राहत होता. २०१४ आणि २०१८ च्या विश्वचषकांतही तोच कर्णधार होता, आणि २०११ चा आशियाई चषकही त्याच्याच नेतृत्वाखाली आला. देशासाठी तो ११४ सामने खेळला, त्यांतले ८१ कर्णधार म्हणून, आणि कर्णधारपदाची ही सारी वर्षे त्याचा संसार, त्याचे रोजचे मैदान इथे होते. २०११ मध्ये त्सुनामी आली, तेव्हा त्याने आपल्या पुस्तकाचे मानधन तिथल्या मुलांसाठी युनिसेफला देऊन टाकले. निवृत्तीनंतरही त्याने एक बाजू निवडलेली नाही. इथल्या एकवीस वर्षांखालील संघाला तो शिकवतो, आणि ऑगस्टपासून जपानच्या राष्ट्रीय संघाच्या प्रशिक्षकांमध्येही आहे. दूर राहून घरच्या जबाबदारीत कमी न पडणे माणसाला साधू शकते, हे मी दहा वर्षे डोळ्यांसमोर पाहिले आहे.

आई, तू म्हणशील, त्याला संघ विमानाचे तिकीट काढून देतो आणि त्याच्या आई-वडिलांना कोण विचारतो. तुझे म्हणणे मी टाळत नाही. तुम्हाला सकाळी हाक मारणारी मी तिथे नसेन, ही गोष्ट कुठल्याही उदाहरणाने भरून निघत नाही, आणि ती भरून निघते असे मी तुला कधी सांगणार नाही. अण्णाकाकांच्या वेळी मी दोन दिवस उशिरा पोहोचले, ते मी विसरलेली नाही. म्हणूनच सही करण्याआधी मी लेखी ठरवून घेतले आहे: दर वर्षी सहा आठवडे सलग सुट्टी, आणि गरज पडली तर आणखी महिनाभर घरून, म्हणजे आपल्या घरून, काम करण्याची मुभा.

आता जे लिहिते ते विनंती म्हणून वाचू नका. मी २१ डिसेंबरला येते आहे आणि बाबांच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया त्याच आठवड्यात होईल. डॉक्टरांशी मी बोलले आहे. "उन्हाळ्यात बघू" हे वाक्य मी तीन उन्हाळे ऐकले. तोपर्यंत बाबांनी माळ्यावर चढायचे नाही आणि गंगावेशीत दुधाला चालत जायचे नाही. दूध घरी येईल, मी सांगून ठेवले आहे. आई, तू रक्तदाबाची गोळी जेवणानंतर आठवली तर घेतेस, ती सकाळी उठल्यावर घ्यायची आहे. न्हाणीघरात धरायला दांडी बसवायला सुतार शनिवारी येईल, त्याला परत पाठवू नका. आणि बाबा, हासेबे रोज झोपण्याआधी अर्धा तास नुसता शांत पडून मन स्थिर करायचा. तुम्ही त्या अर्ध्या तासात बातम्यांवर चिडता. त्या बंद करा.

रागावला असलात तर रागवा, पण फोन उचला. माझा दिवस कसा जाईल ते अजूनही तुमच्या आवाजावरून ठरते; शाळेत जाताना फाटकापाशी वळून बघायचे, तसेच.

वीस क्रमांकाची जर्सी तुमच्या मापाची घेऊन ठेवली आहे. जानेवारीत तुम्ही वॉकर धरून चालत असाल, तेव्हा यंदा गॅलरी नाही. पण हंगाम संपायच्या आत मी पुन्हा आठवडाभर येईन, आपण खालच्याच ओळीत बसू, आणि ती जर्सी तुम्ही आपल्या पेठेच्या सामन्याला घाला.

तुमची,
मनू